मोनप्पांच्या दोऱ्यातली चौथी गाठ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. हे राजपत्रात छापलेले आहे आणि कुणालाही तपासता येते. त्याच दिवशी भल्या सकाळी गुळेदगुड्डात मोनप्पा बडिगेर यांचा जन्म झाला, हे मात्र केवळ त्यांच्या आईच्या सांगण्यावर अवलंबून आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५५ अशी तारीख आहे. पण त्या काळी शाळेत नाव घातलेली आमच्या गावातली निम्मी मुले १ जूनलाच जन्मलेली आढळतात, तेव्हा त्या दाखल्यालाही फार मान देता येत नाही. मोनप्पांनी आईचीच बाजू घेतली होती. "अव्वाला कळा लागल्या मुंबई राज्यात, मी बाहेर आलो म्हैसूर राज्यात," असे ते सांगत. "एका रात्रीत राज्याचं माप बदललं. माझं होतं तेवढंच राहिलं."

ते सुतार होते आणि आयुष्यभर त्यांनी बहुतेक एकच काम केले : खणाचे खड्डामाग बसवणे. या मागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून खालच्या दोन लाकडी पावड्या आळीपाळीने दाबतो. डावी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर, उजवी दाबली की उरलेले अर्धे वर. मधल्या वाटेने आडव्या धाग्याचा धोटा जातो, मग हाताने फणी ठोकायची. खड्डा दोन बोटे खोल झाला तर दिवसाच्या शेवटी मांडी बधिर होते. दोन बोटे उथळ झाला तर गुडघे तुरीला, म्हणजे पुढ्यातल्या कापड गुंडाळायच्या दांड्याला, घासतात. आमचे गाव तांबड्या खडकावर बसलेले असल्यामुळे खड्डा चुकला तर तो दुरुस्त करण्यापेक्षा माणूस दुरुस्त करून घेणे सोपे, अशी इथली जुनी रीत होती. मोनप्पांना ही रीत मान्य नव्हती.

माणसाच्या मापाचे त्यांना विलक्षण वेड होते. लग्नाच्या गोष्टी चालल्या असताना कुणी म्हणाले, "मुलगा पाच फूट सात इंच आहे," तर मोनप्पा विचारत, "ते उभ्याचं झालं. बसल्यावर केवढा?" हसणाऱ्यांना ते गंभीरपणे समजावत की माणूस दिवसाचे दहा तास बसतो आणि जगात मापे सगळी उभ्याची घेतात. एकदा बदामीच्या बसमध्ये जागा असूनही ते शेवटपर्यंत उभे राहिले. कंडक्टरने खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "हे बाक कुणाला बसवून मापलंय ते सांगा, मग बसतो." ही गोष्ट मला चौघांनी सांगितली. त्यांपैकी तिघे त्या बसमध्ये नव्हते, आणि चौथ्याच्या मते ती बस इळकलची होती. तरीही ती खोटी वाटत नाही.

त्यांच्या पत्नी ईरव्वा यांचे मत थोडे निराळे आहे. "गावच्या बायकांचे गुडघे ह्यांना पाठ," त्या म्हणतात, "आणि घरात चुलीपुढचा माझा पाट तीस वर्षं डुगडुगतोय. म्हटलं, अहो, माझं पण माप घ्या की. तर म्हणाले, तू कुठं माग चालवतेस?"

माप घेण्याची त्यांची पद्धत त्यांच्या वडिलांपासून आलेली होती. टेप वापरायचा नाही. ताणा संपल्यावर मागावर जो हातभर सुती शेवट उरतो, त्याला पीळ देऊन दोरा करायचा आणि त्यावर गाठी मारायच्या. टोकाची गाठ ही सुरुवात. गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत पहिली गाठ. बैठकीपासून कोपरापर्यंत दुसरी. कोपरापासून मुठीपर्यंत तिसरी. पुरुषाचे माप मोनप्पा स्वतः घेत. बाईच्या अंगाला सुताराने हात लावायचा नाही, त्यामुळे तिचे माप घरातली दुसरी बाई घेई आणि दोरा पाठवून देई. असे दोरे मोनप्पांच्या कामाच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. प्रत्येकाला चिंचोक्याएवढी लाकडाची चकती आणि तिच्यावर घराची खूण. गल्लीतल्या बायका पाणी भरून जाताना दारातून डोकावून भिंत वाचत. कोण आखूड, कोण लांब, कुणाची सून सासूपेक्षा चार बोटे वरचढ, हे सगळे तिथे कळे.

१९९१ साली आमच्या पेठेतल्या विणकर सोसायटीने आठ माग बायकांच्या स्वतःच्या नावे द्यायचे ठरवले. तोपर्यंत माग असायचा तो नवऱ्याच्या, दिराच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. बाई विणत असली तरी कागदावर ती धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी. ठराव असा होता : माग सोसायटीच्या छपरात बसवायचे, प्रत्येकीला पंधरा दिवस चाचणी, रोजी चार याप्रमाणे साठ खण विणायचे, कापड तपासनिसाच्या पसंतीला उतरले तर माग तिचा आणि सभासदत्वही तिचे. एक अट वर. पहिल्या दिवशी तपासनीस मागाची मापे नोंदवून लाकडावर लाखेची मोहोर करील. त्यानंतर मागात कसलाही फेरफार आढळला तर नाव रद्द. या अटीमागे कारण होते. आधीच्या एका चाचणीत एका हुशार गृहस्थाने पन्हा दोन बोटे कमी करून खण भराभर उरकले होते.

आठ नावांत सहावे नाव बनव्वाचे होते.

बनव्वा कमतगीची, हटगार विणकरांची मुलगी. लग्न होऊन तिला दीड वर्ष झाले होते. नवरा गोव्याकडे बांधकामावर असे, उगादीला, म्हणजे पाडव्याला, आणि नागपंचमीला येई. लहानपणीच्या तापाने तिचा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक आणि आखूड राहिला होता. सासरी घरचा माग दिराचा. दीर उंच, त्याचा खड्डा खोल. सुरुवातीला तिला त्यावर बसवून पाहिले. कापड वाईट निघाले. एक ओळ घट्ट, एक सैल. घरात निकाल लागला की हिचा हात वाकडा आहे. तेव्हापासून ती कांड्या भरत होती. हाताने विणता न येणाऱ्या बाईला विणकराच्या घरात जी जागा असते ती इथल्या कुणालाही सांगावी लागत नाही. साठ खण नीट निघाले तर तो निकाल पुसला जाणार होता. नाही निघाले तर तो सोसायटीच्या वहीत शाईने लिहिला जाणार होता.

अर्ज भरायला लावला तो सासूने. दानव्वा तोंडाने फटकळ होत्या, आणि सुनेवर त्यांचा जीव होता की अर्ज हे केवळ दुसऱ्या सुनेला खिजवणे होते, याबद्दल गल्लीत आजही दोन पक्ष आहेत. माप घेऊन दोरा त्यांनी स्वतःच आणून दिला.

"घे रे मोना. तीन गाठी आहेत, मोजून घे. नंतर म्हणशील म्हातारीनं एक खाल्ली."

"अव्वा, तुझ्या गाठी सुटतात तरी कुठं? सुनेचं नाव काय सांगितलंस?"

"बनशंकरी. देवीचं नाव आहे, चकतीवर नीट कोर. नाहीतर कोरशील बकरी."

मोनप्पांनी बनव्वाला गल्लीतून चालताना पाहिले होते. ती लंगडते हे त्यांना ठाऊक होते. ते सगळ्यांनाच ठाऊक होते. पण आमच्या विणकर गल्ल्यांत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, की लंगडेपणा चालण्याचा असतो, बसण्याचा नसतो. पाय अधू असलेल्याला मागावर बसवावे, तिथे तो इतरांसारखाच होतो. खड्ड्यात गेलेले पाय कुणाला दिसत नाहीत, हे त्या समजुतीचे खरे कारण असावे. मोनप्पा मापाच्या बाबतीत कुणाचे ऐकत नसत, पण ही समजूत त्यांनी कधी तपासली नव्हती. त्यांनी दोऱ्याप्रमाणे सहावा माग बसवला. खड्डा पहिल्या गाठीइतका खोल, दोन्ही पावड्या एका पातळीत. तपासनीस गुरुपादप्पा यांनी मापे लिहून घेतली आणि मोहोर केली.

चाचणीच्या पाचव्या दिवशी गुरुपादप्पांनी आठही मागांचे कापड उलगडून पाहिले. बनव्वाच्या कापडावर त्यांनी अंगठा फिरवला, तो मध्येच थांबवला आणि पुन्हा फिरवला.

"हे काय गं? कापड आहे का शेवया?"

शेजारच्या मागावरून कुणीतरी हसले.

"तंगी," धाकट्या बहिणीला म्हणतात तसे गुरुपादप्पा म्हणाले, "मी वाईट माणूस नाही." "हे वीस खण मी बाजूला ठेवतो, मोजत नाही. पण पुढचे असेच आले तर माझा नाइलाज आहे. दहा दिवसांत साठ बसव. जमेल?"

"जमेल," बनव्वा म्हणाली. कसे जमेल हे तिला ठाऊक नव्हते, असे ती आज सांगते. रोजचे चार ज्या मागावर धड निघत नव्हते, त्यावर आता रोजी निदान सहा काढायचे होते.

त्या नाकारलेल्या खणांपैकी एक संध्याकाळी मोनप्पांच्या खोलीत आला. कुणी आणला याविषयी दोन मते आहेत. ईरव्वा म्हणतात, दानव्वांनी आणला आणि तोंडावर फेकला. बनव्वा म्हणते, तिनेच गल्लीतल्या एका मुलीच्या हाती पाठवला. कापडाचे काय झाले याबाबत मात्र दोघींचे एकमत आहे. मोनप्पांनी ते दारातल्या उजेडात धरले, मग डोळे मिटून अंगठ्याखालून सरकवले.

"हात चांगला आहे," ते म्हणाले.

"कसला चांगला? सगळ्यांनी थुंकून टाकलाय," ईरव्वा म्हणाल्या.

"अगं, हात वाकडा असता तर ठोक कुठंही चुकला असता. इथं एकआड एक चुकलाय. उजवी दाबली की ओळ घट्ट, डावी दाबली की सैल. हात एकच आहे. डाव्या वेळी बाई जागेवरून घसरते, पावडी गाठायला. तोल गेल्यावर ठोकणार काय, कपाळ? हे कापड लंगडतंय."

मग त्यांनी भिंतीवरचा तिचा दोरा काढला आणि पहिली गाठ बोटांत धरून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दानव्वांच्या अंगणात उभे राहिले.

"अव्वा, तू मला दोरा दिलास तो कुठल्या पायाचा?"

दानव्वा ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

"उजव्या."

"आणि डावा?"

"डाव्याची गाठ तुझ्या बापानं कधी मागितली होती? तू कधी मागितलीस? एकच पाय विचारलास, मी त्यातला चांगला दिला. मुलगी दाखवताना कुणी अधू बाजू पुढं करतं का?"

दानव्वा खोटे बोलल्या नव्हत्या. दोऱ्यातली चूक दानव्वांची नव्हती. ती गाठींच्या मोजणीतच होती. मोनप्पांच्या वडिलांनी आणि स्वतः मोनप्पांनी मिळून पन्नासएक वर्षे माणसांची मापे घेतली, माणूस माणसासारखा नसतो हे गावाला पटवले, आणि तेवढा सगळा काळ प्रत्येकाचे दोन्ही पाय मात्र एकसारखे धरून चालले. ते अंगणात तसेच उभे राहिले. शेवटी दानव्वाच म्हणाल्या, "उभा काय राहिलास खांबासारखा? परवा अमावास्या आहे."

अमावास्येला आमच्याकडे माग बंद असतात. फणीला हळदकुंकू लावतात आणि विणकर त्या दिवशी धोट्याला हात लावत नाहीत. सुतार मात्र त्याच दिवशी खड्ड्यांची डागडुजी करतात, कारण एरवी माग रिकामे मिळत नाहीत. त्यामुळे अमावास्येच्या सकाळी मोनप्पा पोतडी घेऊन सोसायटीच्या छपरात शिरले यात कुणाला नवल वाटले नाही. त्यांच्यामागून दानव्वा आणि बनव्वा गेल्या, त्यालाही कारण होते : पूजेचे ताट. दानव्वा दाराच्या उंबऱ्यावर बसल्या, पदरातून गिरमिटाची, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांची, पुडी काढून खात. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या मोठ्याने हाक मारून थांबवत आणि मोठ्यानेच वाटेला लावत.

आत मोनप्पांनी कुंभाराकडून आणलेला ओला चिखल खड्ड्याच्या तळाशी थापला आणि पावड्या सोडवून बाजूला घेतल्या.

"तंगी, बस. पाय सोड. मी तिकडं तोंड करतो. पावड्या आहेत असं समज आणि वीण."

"धोट्याला हात लावायचा नाही आज, अण्णा."

"लावू नकोस. नुसते हात हलव. देवीला कळतं खरं काय आणि सोंग काय."

बनव्वा बसली आणि रिकाम्या मागावर हवेत विणू लागली. उजवा, डावा, उजवा, डावा. थोड्या वेळाने मोनप्पा म्हणाले, "ऊठ."

चिखलात उजव्या पायाचा पूर्ण ठसा उमटला होता, टाच आणि बोटे दोन्ही. डाव्या बाजूला अंगठा आणि शेजारचे बोट, एवढीच दोन टोचलेली भोके होती. ती घसरून पुढे आली होती तरी पाय तेवढाच पोचला होता. मोनप्पांनी खड्ड्यात उतरून त्या भोकांवर, जिथे टाच अधांतरी राहिली असणार तिथपर्यंत, आपली बोटे आडवी ठेवली. चार बोटे, वर थोडे.

"कमतगीला तू विणायचीस ना?"

"व्हय. अव्वाच्या मागावर. चांगलं यायचं."

"अव्वा बुटकी?"

बनव्वा हसली. "माझ्या खांद्याला येते."

"मग तिचा खड्डा उथळ. डावा पोचायचा, उजवा दुमडून बसायचीस. बरोबर?"

"गुडघा दुखायचा. मला वाटलं, सगळ्यांचाच दुखतो."

हे वाक्य मोनप्पा पुढे आयुष्यभर सांगत राहिले, असे ईरव्वा म्हणतात. प्रत्येक वेळी ते सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली जाई.

मोहोर वरच्या चौकटीवर होती, पावड्यांवर नव्हती. पण अट "कसल्याही फेरफाराची" होती आणि ती मोनप्पांनी स्वतः सहीनिशी मान्य केली होती. पकडले गेले असते तर बनव्वाचे नाव गेले असतेच, शिवाय सोसायटीचे काम मोनप्पांना पुन्हा मिळाले नसते. दानव्वा उंबऱ्यावरून म्हणाल्या, "काय ठरलं? माझं गिरमिट संपत आलं." मोनप्पा बनव्वाकडे वळले.

"मी हे केलं तर नियम मोडतो. नाही केलं तर तुझा हात वाकडा ठरतो. माझं जाईल ते मी बघीन. तुझं काय, ते तू सांग."

बनव्वाने सांगितले ते तिला आजही शब्दशः आठवते, निदान तसे ती म्हणते. "अण्णा, वाकड्या हाताची म्हणून कांड्या भरण्यापेक्षा नियम मोडला म्हणून भरीन."

त्यांनी डाव्या पावडीची खुंटी उपटली, खडकात चार बोटे वर नवे भोक पाडले आणि पावडी तिथे अडकवली. वरची दोरी तेवढीच आखडली. पावडीच्या टोकाला टाच टेकायला बाभळीचा एक खोलगट तुकडा जडवला. मग चिखल पसरून जुने भोक बुजवले. सगळे काम दुपारच्या भाकरीच्या आत झाले. बनव्वाने बसून दोन्ही पाय ठेवले. तिची पाठ सरळ झाली. दानव्वांनी ती उंबऱ्यावरून पाहिली आणि म्हटले, "अगं बाई, ही एवढी उंच आहे होय?"

दुसऱ्या दिवसापासून कापड बदलले. सोसायटीच्या त्या वर्षीच्या वहीत सहाव्या मागापुढे पहिल्या पाच दिवसांत शून्य आहे. मग दोन आणि तीन (एकेक ओळ जपून काढलेले), अमावास्येची रेघ, मग सात, सात, आठ, आठ, आठ, आठ, नऊ. बेरीज साठ. अखेरचे आकडे सहज विश्वास बसण्यासारखे नाहीत, आणि शेजारच्या मागावरच्या बाईने एखादा दिवस धोटा चालवून मदत केली असावी अशी शंका घेता येते. बनव्वा ती साफ नाकारते. "मागात बसल्यावर उठावंसंच वाटायचं नाही," एवढेच ती म्हणते. चाचणी संपल्याच्या तारखेखाली तिचे नाव सभासदांच्या यादीत चढवलेले आहे, आणि ती अजूनही विणते. मी तिचे खण हाताळले आहेत. एक ओळ दुसरीपासून वेगळी काढता येत नाही.

मोनप्पांनी त्या वर्षी दिवाळीनंतर एक काम हाती घेतले, ज्याचा कुणी एक पैसाही देणार नव्हते. भिंतीवरचे सगळे दोरे काढून ते घरोघर फिरले आणि दुसऱ्या पायाची गाठ मागू लागले. लोकांनी भरपूर चेष्टा केली. "मोनप्पा, पुढच्या वर्षी दोन्ही कान मोजायला येणार काय?" एका म्हाताऱ्या विणकराने तर दारातच पाय पुढे केला आणि म्हटले, "मोज बाबा, चाळीस वर्षं बायको म्हणते डाव्या पायाचा, अपशकुनी आहेस, आज खरं-खोटं होऊन जाऊ दे." मोजल्यावर त्याचा डावा पाय खरोखरच दीड बोट लांब निघाला. त्याची पावडी मोनप्पांनी लगेच बदलून दिली. म्हातारा आठवड्याने आला तो पाठीऐवजी मांडी दुखते अशी तक्रार घेऊन. मोनप्पांनी पावडीतला तो बदल पुन्हा निम्म्यावर आणला. तेव्हापासून ते म्हणू लागले की शरीर नुसते वेगळे नसते, ते सवयीलाही सांभाळून असते, आणि गाठ मारताना त्या सवयीलाही विचारावे लागते.

२०१७ मध्ये मोनप्पा वारले. ईरव्वांनी दोऱ्यांचे गाठोडे पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले आहे. त्यात एकशे चार दोरे आहेत. एकसष्ट दोऱ्यांवर चार गाठी आहेत, बाकीच्यांवर तीन. चार गाठींच्या एकसष्टांपैकी सेहेचाळीस दोऱ्यांत दोन्ही पायांच्या मापांत अर्ध्या बोटाहून अधिक फरक दिसतो. या आकड्यावरून फार मोठे काही काढू नये. सुती दोरा दमट हवेत आकसतो, गाठ घेणाऱ्या बायका निरनिराळ्या होत्या, आणि अर्धे बोट म्हणजे नेमके किती हे ज्या बोटावर ठरत होते ते बोट आता नाही.

राहता राहिली ती शेवटची तपासणी. वहीच्या त्रेचाळिसाव्या पानावर, सहाव्या मागापुढे, गुरुपादप्पांच्या अक्षरात दोन ओळी आहेत : "खड्ड्यात उतरून पाहिले. फेरफार नाही." खाली सही. इतर सात मागांपुढे फक्त "फेरफार नाही" एवढेच आहे. खड्ड्यात उतरल्याचा उल्लेख एकट्या सहाव्यापुढे आहे. बनव्वा म्हणते की ते उतरले होते. वर आले तेव्हा त्यांच्या धोतराला चिखल होता आणि ते तिच्याकडे न बघता दुसऱ्या मागाकडे गेले. ईरव्वा म्हणतात की गुरुपादप्पांना गुडघ्याचे दुखणे होते, ते कुठल्याच खड्ड्यात कधी उतरले नाहीत, वरूनच वाकून बघत. दानव्वा २००३ मध्ये वारल्या. त्या दिवशी छपरात त्या होत्या, आणि तपासणीआधी त्यांनी गुरुपादप्पांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितले हे दोघींना मान्य आहे. काय सांगितले ते दोघींनाही ठाऊक नाही. गुरुपादप्पा १९९८ मध्ये वारले; त्यांच्या घरी या विषयाचा एकही कागद सापडलेला नाही.

ते उतरले असतील तर बाभळीचा तो तुकडा त्यांना दिसला नसणे शक्य नाही, आणि मग ती सही जाणूनबुजून केलेली आहे. उतरले नसतील, तर न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मुद्दाम एक ओळ जास्त का लिहिली, हे कळत नाही. दोन्हींपैकी खरे काय, याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.